साठीनंतर वॉल्ट्झ : अंगठे धरले, पण फोटोत लाइन काही येईना

निवृत्त_खुर्ची
मंडळी, मी ६४, सौ. ६१. बँकेत ३३ वर्षं खुर्ची उबवली. आता कोथरूडला एका क्लासमध्ये दोघं बॉलरूम, म्हणजे वॉल्ट्झसारखे जोडीनं करायचे नाच, शिकतोय. पावलं पाठ आहेत, एक-दोन-तीन चुकत नाही. पण परवा क्लासच्या कार्यक्रमातला फोटो आला. बाकीचे वॉल्ट्झ करतायत आणि मी गव्हाचं पोतं उचलतोय! खांदे पुढे, बूड मागे, हनुवटी आभाळाकडे. लाइन, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगाची सलग रेघ, कुठेच नाही. जोडीदाराला धरताना हात-खांद्यांची जी ठेवण, तिला फ्रेम म्हणतात. सौ. म्हणाली, "सर फ्रेम फ्रेम म्हणून ओरडतात ना, आता हा फोटोच फ्रेम करा."
महिनाभर रोज वाकून पायाचे अंगठे धरतोय. आता हात पोचतात, पण वर कंबर धरली. चुकतंय कुठे?

टाच_आधी
काका, अंगठे सोडा. वॉल्ट्झमध्ये पुढे वाकायचंच कुठे असतं? मागे जाताना पाय जांघेपासून लांब जायला हवा. बसून बसून जांघ पुढून आखडते, पाय मागे जात नाही आणि ती कसर कंबर भरून काढते. बूड बाहेर येतं ते त्यामुळे.
सतरंजीची जाड घडी घाला, त्यावर उजवा गुडघा, डावं पाऊल पुढे. पुढे झेपावू नका, फक्त माकडहाड आत घ्या. उजव्या जांघेत ताण आला की ३० ते ६० सेकंद थांबा, मग पाय बदला. मी आधी पलंगाची कड धरून करायचे. आणि हे क्लास झाल्यावर, अंग गरम असताना. क्लासआधी नुसतं चाला, पाय झुलवा.

पाठदुखीवाली_फिजिओ
वरचं बरोबर आहे, पण हनुवटीचं वेगळं. भिंतीला पाठ आणि बूड टेकून उभे राहा, टाचा चार बोटं पुढे. हनुवटी न उचलता डोकं टेकतं का? नाही टेकलं तर बहुधा पाठीचा वरचा भाग आखडलाय, मान बिचारी त्याची भरपाई करतेय. सोलापुरी चादरीची गुंडाळी खांद्यांच्या पात्यांखाली आडवी, डोक्याखाली उशी, गुडघे मोडून दोन मिनिटं पडा. दुखलं तर गुंडाळी लहान करा.
पुण्यात यासाठी योगाचार्य अय्यंगार गुरुजींची खुर्ची, म्हणजे खुर्चीच्या आधारानं करायची आसनं, आहेच. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासूनची. पण ते शिकवणाऱ्यासमोर करा, व्हिडिओ बघून घरी नको.
काकूंना सांगा, डोकं डावीकडे ठेवायचं ते मान मोडून नव्हे. आधी छातीचं हाड वर, बरगड्या लांब, डोकं सगळ्यात शेवटी. हाडांची घनता कमी असेल तर जोरात वाकणं आणि पीळ देणं डॉक्टरांना विचारूनच.

पर्वती_रोज
साठीत लाइन कसली बघताय? बायको अजून तुमच्याबरोबर नाचतेय, पेढे वाटा.

निवृत्त_खुर्ची
पेढे नंतर. भिंतीचं केलं. डोकं आणि भिंत यांत तीन बोटं, सौ.ने स्वतःची घालून मोजली. टेकवायला गेलो तर हनुवटी अगदी फोटोतल्यासारखी वर! अंगठे बंद केलेत. चादरीवर मात्र काल दोन मिनिटांची वीस झाली, घोरण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला म्हणे.