ए-६०२ चा तबला आणि क्लबहाउसची चावी

ए-५०२: नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही, पण रोज दुपारी ३ ते ४ वरून तबल्याचा आवाज येतो. माझी रात्रपाळी असते, झोपायलाच सकाळचे ८ वाजतात. काही करता येईल का? 🙏

बी-२०४: नाव नाही घेतलंत तरी तुमच्या डोक्यावर एकच फ्लॅट आहे हो 😄

सेक्रेटरी: वैयक्तिक टोमणे नकोत. ए-६०२ काका, आपण बघाल का?

ए-६०२: बघितलं. चूक माझी आहे, ताई. दुपारी सगळे ऑफिसात असतात असंच धरून चाललो होतो. उद्यापासून तीनला वाजवणार नाही.
आता विषय निघालाच आहे तर सांगतो. रिटायर झाल्यावर पहिले आठ महिने मी फक्त पेपर वाचला आणि घरच्यांवर खेकसलो. रात्री दोनला जाग यायची, मग मनात जुन्या ऑफिसातली भांडणं सुरू. शेवटी बायकोनेच क्लासला नेऊन बसवलं. माझ्या शेजारी दुसरीतला मुलगा, त्याचा हात माझ्यापेक्षा साफ!
तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायच्या म्हटल्या की डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. शिरलं की ठेका लगेच लंगडतो. डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर घासत दाबायचं, त्याच वेळी उजव्याची तर्जनी किनारीवर नेमकी पडली पाहिजे. पहिला महिना बोटं सुजली. मांडी घालून दहा मिनिटं बसवत नव्हतं, आता पाऊण तास बसतो. शुगर उतरली वगैरे म्हणणार नाही, ती गोळीनेच उतरते. पण झोप लागते. खेकसणं कमी झालंय, हवं तर घरी विचारा.

ए-६०२ काकू: पन्नास टक्के कमी 😌

बी-७०१: 🌹 छंद जोपासा, आयुष्य वाढवा 🌹 (खूपदा फॉरवर्ड केलेला मेसेज)

सेक्रेटरी: फॉरवर्ड नकोत, कितीदा सांगायचं.

सी-१०१ डॉक्टर: काका गोळीबद्दल बोलले ते फार बरं झालं. ती कुणी बंद करू नका. बाकी अनुभव खरा आहे. २००३ साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ७५ च्या पुढचे ४६९ लोक, साधारण पाच वर्षं पाठपुरावा. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच, हे करणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण कमी दिसलं. शारीरिक हालचालींपैकी यादीत फक्त नाच आला.

बी-२०४: म्हणजे माझं सकाळचं चालणं फुकट?

सी-१०१ डॉक्टर: अजिबात नाही, हृदयाला, सांध्यांना ते हवंच. नाचात पायांबरोबर ठेका, पुढची स्टेप, जोडीदार, सगळं एकदम सांभाळावं लागतं, कदाचित म्हणून फरक पडत असेल. आणि एक गोम आहे. विसरभोळेपणा सुरू व्हायला लागला की माणूस आधी पत्ते, वाचन सोडतो. त्यामुळे छंदाने मेंदू टिकला की मेंदू टिकला म्हणून छंद टिकला, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. मनाच्या बाबतीत २०२३ चा एक अभ्यास बराच मोठा आहे. १६ देशांतले ६५ च्या पुढचे ९३ हजारांवर लोक. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी, समाधान जास्त.

बी-१०३: पण आमच्या लेकीला चार क्लास लावलेत, ती तर उलट चिडचिडी झालीय.

सी-१०१ डॉक्टर: त्यातले तिचे किती आणि तुमचे किती?

बी-१०३: 🙈

सी-३०१ काकू: माझा छंद सोसायटीनेच बंद केला. गच्चीवर मेथी, कढीपत्ता, अळू होतं. झारी घेऊन रोज चार खेपा व्हायच्या, वर उन्हात दोन बायका भेटायच्या. आता गुडघ्यासाठी फिजिओला पैसे देते.

सेक्रेटरी: काकू, लीकेजचा विषय एजीएममध्ये.

सी-३०१ काकू: लीकेज पाइपाचं निघालं होतं. कुंड्यांचं नाही. मिनिट्स काढून बघा.

बी-२०४: 🍿

सी-१०१ डॉक्टर: क्लबहाउस का उघडत नाही? संध्याकाळी ५ ते ७. काकांचा तबला, बाकीच्यांचा कॅरम. घरात एकट्याने करण्यापेक्षा चार माणसांत केलेलं बरं.

सेक्रेटरी: तिथे गणपतीचं मखर, मोडकी ट्रेडमिल आणि माजी चेअरमनचा सोफा आहे.

बी-१०३: रविवारी आम्ही चौघं हलवतो. सोफा कुठे ठेवायचा तेवढं सांगा.

सेक्रेटरी: ठीक आहे, एक महिना करून बघू. चावी वॉचमनकडे राहील, नेताना वहीत सही करायची. पंखे बंद करून जायचं.

ए-५०२: थँक यू सगळ्यांना. काका, राग मानू नका, पण एक सांगू? धा धिं धिं धा दोनदा छान येतं. पुढे धा तिं तिं ता पासून तुम्ही रोज पळता. झोप नाही म्हणून मला सगळं पाठ झालंय.

ए-६०२: तिथेच तालाची ‘खाली’ येते, ताई, म्हणजे डग्गा थांबतो तो भाग. तो थांबला की मला धीर निघत नाही. गुरुजीही हेच सांगतात. तुम्ही शिकलाय का कुठे?

ए-५०२: नाही हो. चार महिने खाली झोपून ऐकतेय फक्त.