पंच चुकतो हे दुखणं, की रोज वेगळा चुकतो हे?

उशिरा_आलेला:

क्रिकेट बघत वाढलो, बेसबॉलचं वेड उशिरा लागलं. बंट, डबल प्ले, अगदी इनफिल्ड फ्लायसुद्धा हळूहळू डोक्यात शिरलं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, स्ट्राइक झोन. बॅटरने सोडलेला चेंडू या जागेतून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल; तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला फुकट बेस. टीव्हीवर बॅटरशेजारच्या होम प्लेटच्या वर तो चौकोन दाखवतात. चेंडू चौकोनाच्या बाहेरून गेलेला ढळढळीत दिसतो आणि मागे वाकलेला पंच झोकात हात उडवून स्ट्राइक देतो. दोन इनिंगनंतर तसाच चेंडू, तोच पंच, आणि हात जागचा हलत नाही. समालोचक शांतपणे म्हणतात, आज यांचा झोन जरा मोठा आहे. आज? म्हणजे नियम काय रोज सकाळी ठरतो का?

आता अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२६ पासून पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागायचं चॅलेंज आलंय, तेही संघाला फक्त दोन. चेंडू कुठून गेला हे यंत्राला प्रत्येक वेळी कळतंच आहे ना? मग सगळेच चेंडू त्याने सांगावेत की. हे अर्धवट कशासाठी? जाणकारांनी उजेड पाडावा. आणि कृपया ‘माणूस चुकतो यातच गंमत’ वगैरे नको, ते ऐकून कान किटलेत.

कोपऱ्यातली_सीट:

+१. १९९७ च्या नॅशनल लीग चॅम्पियनशिपचा पाचवा सामना शोधून बघा. मार्लिन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लिव्हान हर्नांडेझ याने ब्रेव्ह्जच्या १५ जणांना स्ट्राइकआउट केलं. शेवटचा फ्रेड मॅकग्रिफ. तो चेंडू प्लेटपासून इतका लांब होता की बॅट फेकून मारली असती तरच लागली असती. हे बघूनही कुणी यंत्र नको म्हणत असेल तर साष्टांग नमस्कार.

मास्कमागून:

मी हौशी लीगमध्ये पोरांच्या सामन्यांना प्लेटमागे उभा राहतो. मेजर लीगशी त्याची तुलना नाही, पण तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही एवढं सांगू शकतो.

पंच प्लेटच्या बरोबर मागे नसतो. बॅटर आणि त्याच्यामागे चेंडू झेलायला बसलेला कॅचर यांच्यामधल्या फटीत, कॅचरच्या आतल्या खांद्यावरून तो बघतो. त्यामुळे बॅटरच्या बाजूची कड स्वच्छ दिसते. सगळ्यात वाईट दिसतो तो बाहेरचा खालचा कोपरा. एक तर तो डोळ्यापासून सगळ्यात लांब, त्यात चेंडू शेवटचे दोन-तीन फूट कॅचरच्या हाताआड जातो. ताशी ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटून प्लेटवर यायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो. त्यातला शेवटचा तुकडा तुम्ही बघत नाही, धरून चालता.

कॅचरला हे पक्कं ठाऊक असतं. चांगला कॅचर ग्लोव्ह आधीच जमिनीलगत नेऊन ठेवतो आणि चेंडू घेताघेता वर आणतो. खाली नेत घेतला तर बॉल, वर आणत घेतला तर स्ट्राइक, चेंडू मात्र तोच. याला फ्रेमिंग म्हणतात, आणि या हाताच्या कसबावर कित्येकांचं करिअर उभं राहिलंय. फटकेबाजीत यथातथा असलेला होजे मोलिना वर्षानुवर्षं टिकला तो याच्याच जोरावर.

आता तुमचा ‘आज’. चांगले पंच साधारण शंभरात ९४ निर्णय बरोबर देतात. ऐकायला छान वाटतं. पण एका सामन्यात बॅट न फिरवलेले चेंडू दीडशेच्या आसपास असतात, म्हणजे आठ-दहा चुका आल्याच. त्या कुठेही होतात असंही नाही. मोजणी ३-० (तीन बॉल, एकही स्ट्राइक नाही) असली की झोन फुगतो, ०-२ असली की आक्रसतो. कुणी मुद्दाम करत नाही. पुढच्याला लगेच बाद करायला किंवा फुकट बेस द्यायला हातच धजत नाही. प्लेटमागे उभं राहिल्याशिवाय हा प्रकार पटत नाही.

आणि नियम रोज बदलतो का, तर कागदावरचा नाही, पण पंचाचे मार्क ज्याने ठरतात तो बदलला. त्यांचं मूल्यमापन करताना झोनच्या कडेबाहेर दोन इंचांपर्यंतची चूक धरत नसत. २०२५ पासून ही सूट पाऊण इंचावर आली. नियमाच्या पुस्तकातली एक ओळ न बदलता कडेचे स्ट्राइक आटले.

उशिरा_आलेला:

हे वाचून तर माझा मुद्दाच पक्का झाला! डोळ्याला दिसतच नसेल तर डोळ्यावर सोपवायचंच कशाला?

मास्कमागून:

कारण यंत्र मोजतं तो झोन पुस्तकातला झोन नाही.

पुस्तकात झोन म्हणजे प्लेटच्या वर उभा असलेला पाच बाजूंचा खांब. रुंदी १७ इंच. वरची हद्द खांदे आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध, खालची गुडघ्याच्या वाटीच्या खाली. तीही बॅटर फटक्याच्या तयारीत वाकलेला असतानाची. या खांबाला चेंडूचा कुठलाही भाग कुठेही चाटून गेला की स्ट्राइक.

मेजर लीगचं यंत्र खांब बघतच नाही. प्लेटच्या मध्यावर, पुढच्या कडेपासून साडेआठ इंच आत, एक सपाट काच उभी आहे असं धरा. चेंडू त्या काचेला लागला तर स्ट्राइक. काचेची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. म्हणजे सहा फुटी माणसाला साधारण साडेएकोणीस ते साडेअडतीस इंच. मोठ्या वळणाचा कर्व्हबॉल पुढच्या कडेवर गुडघ्याला चाटला आणि मध्यावर येईपर्यंत खाली बसला, तर पुस्तकानुसार स्ट्राइक, यंत्रानुसार बॉल. कोरियातल्या लीगचं यंत्र वरखालची हद्द मध्यावर आणि मागच्या कडेवर अशी दोन्हीकडे तपासतं. म्हणजे एकाच कर्व्हबॉलवर दोन देशांची दोन यंत्रं वेगळं बोलू शकतात, आणि दोघंही आपापल्या परीने अचूक!

शिवाय उंची मोजायची ती ताठ उभं करून. रिकी हेंडरसन इतका वाकून उभा राहायचा की पिचरला चेंडू टाकायला जागा सापडत नसे. कारकिर्दीत २१९० वॉक, म्हणजे चार बॉलवरचे फुकट बेस, काढले त्याने. या यंत्रापुढे त्याला त्या वाकण्याचा छदाम मिळाला नसता.

यंत्र वाईट असं मी म्हणत नाही. ते रोज सारखंच वागतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते नियमाची अंमलबजावणी करतंय असं समजू नका. त्याने नवा नियम आणलाय, आणि तो निमूट आणलाय याचा मला राग आहे. पंचाने असा आपला झोन आखला असता तर आपण त्याला फाडून खाल्लं असतं.

कोपऱ्यातली_सीट:

मास्कमागून, तुमच्या पंचप्रेमाचं कौतुक आहे. पण त्या १९९७ च्या सामन्यात दुसऱ्या बाजूने ग्रेग मॅडक्स टाकत होता, त्यालाही ९ स्ट्राइकआउट मिळाले. म्हणजे झोन दोन्हीकडे मोठाच होता. तुमच्या हिशेबाने सातत्य आहे, मग तक्रार नको?

मास्कमागून:

तक्रार हवीच. झोन बाहेर सरकतो तेव्हा दोन्ही संघांना सारखा लागत नाही. तो बहुतेक एकाच बाजूला सरकतो, आणि त्या दिवशी डावखुऱ्या बॅटरच्या बाहेरच्या बाजूला सरकला होता. ज्याच्याकडे डावखुरे जास्त तो मेला. सातत्याने चुकणारा पंच चालतो, पण चुकीची दिशा एका संघाच्या अंगावर येत नसेल तोवरच.

डावरा_पिचर:

सगळं यंत्रावर टाकलं की वाद संपतात हा भ्रम आहे. कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ मध्ये प्रत्येक चेंडू यंत्राकडे दिला. पंचाच्या कानात इयरफोन, तो ऐकेल ते ओरडायचं. एप्रिलमध्ये सॅमसंग लायन्स आणि एनसी डायनोज यांच्या सामन्यात यंत्राने स्ट्राइक दिला आणि पंचाने बॉल सांगितला. मॅनेजरला डगआउटमधल्या (संघ बसतो त्या जागेतल्या) टॅब्लेटवर ते दिसेपर्यंत पुढचे चेंडू पडून गेले होते. तक्रार झाल्यावर पंच एकत्र जमले आणि ‘बॉल असंच ऐकू आलं म्हणूया’ अशा अर्थाचं आपसातलं बोलणं थेट प्रक्षेपणात गेलं! एकाची नोकरी गेली, बाकीचे निलंबित. तिथला झोन व्यवस्थित चालला होता, घोटाळा इयरफोन आणि माणूस यांच्यामध्ये झाला.

उशिरा_आलेला:

बापरे. बरं, मग चॅलेंज नेमकं कसं चालतं? डीआरएससारखं ‘अंपायर्स कॉल’ आहे का यात?

मास्कमागून:

अजिबात नाही. कॅमेरे हॉक-आयचेच आहेत, पण चेंडू काचेला केसभर लागला तरी स्ट्राइक आणि केसभर चुकला तरी बॉल. क्रिकेटमध्ये पायचीतच्या वेळी चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो, म्हणून पंचाला सवलत. इथे चेंडू खरोखर तिथून गेलेला असतो, त्यामुळे ती सवलत गेली.

दाद फक्त बॅटर, कॅचर किंवा पिचरने मागायची. लगेच, टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. डगआउटमधून खाणाखुणा नाहीत. बरोबर निघालात तर चॅलेंज शिल्लक, चुकलात तर गेलं. जादा इनिंगमध्ये चॅलेंज संपलेल्या संघाला त्या इनिंगपुरतं एक मिळतं. २०२५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत प्रत्येक वेळी सरासरी चौदा सेकंदही लागले नाहीत. तुम्ही अर्धवट म्हणता, मला हेच बरं वाटतं. फ्रेमिंगचं कसब जिवंत राहतं आणि नवव्या इनिंगमधला ढळढळीत अन्याय टळतो. शिवाय दोनच असल्यामुळे पहिल्याच इनिंगमध्ये रागाच्या भरात उधळले तर सामना संपेपर्यंत हात चोळत बसायचं.

त्याच सराव सामन्यांतले आकडे बघा. कॅचरची ५६ टक्के चॅलेंज बरोबर निघाली, बॅटरची ५०, पिचरची ४१. साहजिक आहे, पिचर चेंडू सोडून एका पायावर कोलमडत असतो आणि त्याला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो. मी मॅनेजर असतो तर पिचरला टोपीला हातच लावू दिला नसता.

डावरा_पिचर:

निषेध! पण आकडे खरे आहेत. आमचा कॅचर तर मी मान वर केली की डोळे वटारतो.