अनुभव धागा : नायजेरियन इंग्लिश, त्याचा अभिमान आणि ऐकणारे आपण

लागोसवासी
मंडळी, मी लागोसला इकेजा भागात राहतो, कामावर आजूबाजूला बहुतेक सगळे नायजेरियन. परवा मुंबई ऑफिसबरोबर कॉल चालू होता, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आकडे वाचत होत्या आणि तिकडून एकजण म्हणाला, जरा नॉर्मल इंग्लिशमधे सांगता का. मॅडम म्हणाल्या, हे नॉर्मलच आहे, हळू हवं असेल तर हळू सांगते. आणि खरंच सगळे आकडे पहिल्यापासून हळू वाचून दाखवले पण उच्चार तसूभरही बदलला नाही. मला ते इतकं आवडलं की धागा काढल्याशिवाय राहवेना.

ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या देशात पाचशेच्या वर भाषा आहेत, १९६० ला ब्रिटिश गेले तरी इंग्लिश सरकारी भाषा म्हणून राहिली. योरुबा, इग्बो आणि हौसा या तीन मोठ्या भाषा, तिन्हीमधे आवाज चढला की उतरला यावर शब्दाचा अर्थ ठरतो, तोच चढउतार यांच्या इंग्लिशमधे येतो आणि प्रत्येक अक्षराला सारखं वजन मिळतं. लागोसकडे 'कम'चं 'कॉम' होतं, 'बट'चं 'बॉट', 'थिंक'चं 'टिंक'. वाक्याच्या शेवटी 'ओ' येतो, त्यात कधी काळजी असते कधी ताकीद. आणि नायजेरियन उच्चार असा एकच नसतो बरं का, जुन्या वळणाच्या योरुबा माणसाच्या तोंडी 'व्ह'चा 'फ' होतो, हौसा माणसाचं 'प' आणि 'फ' अदलाबदल होतं, काही भागातल्या इग्बो लोकांचं 'ल' आणि 'र'. यावरून ते एकमेकांची भरपूर खेचतात. पण बाहेरच्याने हसून दाखवावं, सगळे एक होतात.

तुम्ही कुठे ऐकलंत, बाकीचे लोक कसे वागले, तुम्हाला काय वाटलं, सगळं लिहा. लंडन, पुणे, गोवा, कुठलंही चालेल.

रात्रपाळी
मी इंग्लंडमधे नर्स, मूळ सांगलीची. वॉर्डवर केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या सगळ्या आहेत, मराठी मी एकटीच. आधी एक सांगते. इकडे यायला आम्ही सगळ्यांनी इंग्लिशची परीक्षा दिलीय, कोणी आयईएलटीएस कोणी ओईटी. मला त्याचं काही वाटलं नव्हतं कारण माझी शाळा मराठी. पण माझी नायजेरियन मैत्रीण बालवाडीपासून इंग्लिशमधे शिकलेली, नर्सिंग इंग्लिशमधे, नवरा दुसऱ्या भाषेचा म्हणून घरातली भांडणं पण इंग्लिशमधे, तरी तिलाही परीक्षा. ब्रिटिश सरकारची इंग्लिश बोलणाऱ्या देशांची यादी आहे त्यात जमैका आहे, नायजेरिया नाही. नायजेरियातल्या तरुणांनी याच्याविरुद्ध ऑनलाइन मोहीम पण चालवली होती. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षंच धरतात, मग परत पैसे भरा, म्हणजे दोन वर्षांत माणूस आपली भाषा विसरतो की काय!

वॉर्डात एक आजोबा तिला सारखे म्हणायचे, इंग्लिश येणारी कोणीतरी पाठवा. ती म्हणायची, पापा मी इंग्लिशच बोलतेय, ही तुमची गोळी, आधी गोळी घ्या मग तक्रार करा. आवाजात जरासुद्धा थरथर नाही. आजोबा शेवटपर्यंत बदलले नाहीत. त्यांची मुलगी मात्र आली की हिलाच शोधायची कारण कुठलं औषध, किती वाजता, कशासाठी हे हिच्याइतकं शब्द सुटे करून कोणीच सांगत नव्हतं.

आणि तो शेवटचा 'ओ' मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला, आमच्याकडं पण 'जेवून जावा की ओ' म्हणतातच.

माजी कॉलसेंटर
हा धागा वाचून खूप आत कुठेतरी लागलं म्हणून लिहितोय. हिंजवडीला कामाला होतो तेव्हा ट्रेनिंगमधे 'एमटीआय' हा शब्द शिवीसारखा वापरायचे, म्हणजे तुमच्या मातृभाषेची इंग्लिशवर पडलेली छाप. ती घालवायला 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात का ते आरशात बघत बसायचं. नावसुद्धा बदललेलं. प्रोसेस एका ब्रिटिश बँकेचं. लंडनच्या पेकहॅमला लिटल लागोस म्हणतात, तिकडच्या नायजेरियन बायकांचे फोन यायचे, त्या पूर्ण नाव सांगायच्या, चांगलं लांबलचक, आणि मी चुकीचं म्हणलं की परत म्हणायला लावायच्या, न रागावता, शिकवल्यासारखं. बरोबर आलं की 'एहेन्!' म्हणायच्या, इतकं बरं वाटायचं. एकीने विचारलं की तुझं खरं नाव काय आहे, कारण हे जे सांगतोयस ते काही तुझं वाटत नाही. मी सांगितलं. तिने दोनतीनदा म्हणून बघितलं, 'ज्ञ' जमेपर्यंत सोडलं नाही, आणि उरलेला कॉल माझ्या खऱ्या नावाने बोलली. त्या कॉलचे क्वालिटीवाल्यांनी मार्क कापले, स्क्रिप्ट सोडली म्हणून. मला आजही तो माझा सगळ्यात चांगला कॉल वाटतो.

कानोची लेक
माजी कॉलसेंटर, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझं थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील गणिताचे शिक्षक. सत्तरच्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला, १९७६ ला सगळ्यांसाठी प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली, शाळा भराभर वाढल्या आणि शिकवायला माणसं कमी, म्हणून भारतातून शिक्षक नेले, त्यात आम्ही कानोला गेलो. म्हणजे उत्तरेला, हौसा मुलखात. तिथे हिंदी सिनेमांचं प्रचंड वेड, आमच्या गल्लीतली मुलं हिंदी गाणी म्हणायची आणि अर्थ मला विचारायची, मी मराठी घरातली, अर्धा अर्थ आईला विचारून येऊन सांगायचे. मी इंग्लिश शिकले ती त्या मुलांबरोबर खेळताना. त्यामुळे माझं इंग्लिश आपोआप कानोचंच झालं, त्यांच्यासारखाच 'प' आणि 'फ', त्यांच्यासारखाच हेल.

ऐंशीच्या दशकात नायराची, म्हणजे तिथल्या चलनाची किंमत घसरली, पगार घरी पाठवणं अवघड झालं आणि आम्ही साताऱ्याला परत आलो. नव्या शाळेत बाईंनी धडा वाचायला सांगितला, मला वाचायला फार आवडायचं, मी उभी राहून खणखणीत वाचला आणि अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या हे आफ्रिकन इंग्लिश इकडे चालायचं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली बाई म्हणतात तसं बोल, कशाला वेगळं दिसायचं. बाबा म्हणाले, पोरीचा एक शब्द चुकला असेल तर दाखवा, व्याकरण चुकलं असेल तर दाखवा, बाकी ती ज्या गावात वाढली त्या गावासारखी बोलते, सातारची मुलं सातारसारखी बोलतात तशी. ते शाळेत जाऊन बाईंनाही हेच बोलून आले. वर्गात हसणं थांबलं असं नाही, पण मला घरात कोणी गप्प केलं नाही, त्यामुळे तो उच्चार माझ्याकडे राहिला, नंतर कॉलेज, नोकरी यात बराच पुसट झाला तरी.

मग खूप वर्षांनी मुंबई एअरपोर्टवर रांगेत मागे एक नायजेरियन कुटुंब, आजीबाई हौसात नातवाला काहीतरी दटावत होत्या. मी वळून 'सन्नू' म्हणलं, म्हणजे नमस्कार. मग इंग्लिशमधे बोलायला लागले आणि दोनचार वाक्यांत त्या म्हणाल्या, तू उत्तरेची आहेस, कानोकडची, लपवू नकोस! साडी नेसलेल्या, मंगळसूत्र घातलेल्या बाईला त्या हे म्हणत होत्या, आणि पूर्ण खात्रीने. इतक्या वर्षांत मी कुठली आहे हे कोणीतरी आवाजावरून बरोबर ओळखलं होतं. रांग पुढे सरकली तरी आम्ही दोघी तिथेच.

ह्यूस्टनकर
इकडे ह्यूस्टनमधे नायजेरियन लोक भरपूर, अलीफ भागात त्यांची दुकानं, चर्चेस, सगळं. माझा बॉस योरुबा. अमेरिकेत इतकी वर्षं काढून त्याचा हेल तसाच आहे, मीटिंगमधे कोणी 'सॉरी?' म्हणलं की तो पहिलंच वाक्य त्याच शब्दांत परत म्हणते, सोपं करून नाही सांगत बाप्पा. आम्ही भारतीय मंडळी लगेच 'आर' वळवायला लागतो, आठवड्याभरात. मी नागपूरचा, मलाही लोकांनी सांगितलं होतं की असं बोल तसं बोल.

त्याने मला एंगोझी ओकोन्जो-इवेआला यांची भाषणं ऐकायला लावली. दोनदा नायजेरियाच्या अर्थमंत्री होत्या, २०२१ च्या मार्चपासून जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख. डोक्याला तिकडचं कापड बांधलेलं, पोशाख तिकडचा, आणि बोलणंही तिकडचंच. समोर जगभरचे मंत्री बसलेले असतात, ऐकतात गुमान. बॉस म्हणतो, माझ्या मुलीला हे दाखवायचं असते, ती शाळेत अमेरिकन बोलते आणि घरात आमच्यासारखी, दोन्ही तिचेच आहे. लेखिका चिमामांडा अडिची यांनी २००९ च्या भाषणात सांगितलं होतं ना, अमेरिकेतल्या रूममेटने विचारलं की इतकं छान इंग्लिश कुठे शिकलीस, तो प्रश्न बॉसला अजूनही कोणी ना कोणी विचारून राहिलं आहे.

शेवटच्या रांगेतून
सिनेमावाला आहे म्हणून दोनच गोष्टी. २०१९ ला नायजेरियाने ऑस्करला पहिल्यांदा अधिकृत सिनेमा पाठवला, लायनहार्ट, तो बाद केला कारण संवाद जास्त करून इंग्लिशमधे, परभाषेचा सिनेमा म्हणून धरता येत नाही म्हणे. दिग्दर्शिका जेनेव्हीव्ह नाजी यांनी ठणकावून सांगितलं की आमच्या देशातल्या पाचशे भाषांना जोडणारी भाषा इंग्लिश आहे, आम्ही असेच बोलतो, आमच्यावर राज्य कोणी करायचं हे आम्ही निवडलं नव्हतं. म्हणजे व्हिसाच्या खिडकीवर तुम्ही पुरेसे इंग्लिश नाही आणि ऑस्करला गेलात की जास्तच इंग्लिश. नर्सताईंचं वाचलं आणि हे आठवून संताप आला.

दुसरं, हॉलिवूडवाले नायजेरियन माणूस दाखवताना एक सरसकट 'आफ्रिकन' हेल लावतात. २०१५ ला विल स्मिथने डॉक्टर बेनेट ओमालू यांची भूमिका केली तेव्हा नायजेरियन प्रेक्षकांनी उच्चारावरून भरपूर झोडपलं होतं. बरोबरच आहे.

पाषाणकर
पुण्याचा अनुभव लिहितो, चांगला नाही. माझ्या वर्गात एक नायजेरियन मुलगा होता, एंजिनियरिंगला. फ्लॅट शोधत होता. ब्रोकरला फोन केला, 'गुड आफ्टरनून सर' एवढंच म्हणायचा, पलीकडून उत्तर यायचं, फ्लॅट गेला. त्याने नाव सांगितलेलं नसायचं, देश सांगितलेला नसायचा, नुसता आवाज. मी त्याच नंबरवर फोन केला की फ्लॅट आहे, कधी बघायला येता. असं बऱ्याच ठिकाणी झालं. मी म्हणालो मीच बोलतो ना सगळीकडे. तो नाही म्हणाला. ज्या घरात राहायचं त्या मालकाने माझा आवाज आधी ऐकलेला बरा, नाहीतर रोज जिन्यात भेटल्यावर काय करणार? शेवटी एका रिटायर्ड काकूंनी जागा दिली, त्याने फोनवर आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती म्हणून. त्याच्याकडे मोठ्या माणसांशी कामाचं बोलायच्या आधी असंच विचारतात.

लागोसवासी
काय लिहिताय तुम्ही लोक, मनापासून आभार. कानोची लेक, तुमच्या बाबांना नमस्कार.

एक बाजू राहायला नको म्हणून लिहितो. इथेही सगळे उच्चार मिरवतात असं नाही. वर्गात स्वतःची भाषा बोलली म्हणून दंड करणाऱ्या शाळा इथे होत्या आणि आहेत. रेडिओवर काहीजण न्यूयॉर्कला जन्मल्यासारखे बोलतात. म्हणजे देशाबाहेर पाऊल न टाकता कमावलेला परदेशी हेल. लोक त्याची टर उडवतात आणि मुलांच्या शाळेत मात्र तोच हेल लागावा म्हणून फी भरतात, दोन्ही खरं आहे. त्यामुळे जे ताठ मानेने आपल्यासारखं बोलतात त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं, त्यांना घरातूनही विरोध झालेला असतो.

२०२० च्या जानेवारीत ऑक्सफर्ड डिक्शनरीने २९ नायजेरियन इंग्लिश शब्द घेतले, त्यात इथली पिवळी मिनीबस 'डान्फो', रस्त्यावरची खानावळ 'मामा पुट' असे शब्द. ऑफिसात विषय निघाला तेव्हा काहीजण खूश होते आणि आमच्या त्याच अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, आम्ही डान्फोत बसायला ऑक्सफर्डची वाट बघत नव्हतो.

पुढच्या महिन्यात लागोस
सगळं वाचलं. मी जातोय तिकडे, फॅक्टरीत प्रॉडक्शनला, वर्कर लोकांशी रोज बोलायचं आहे. कान तयार करायला काय करू? आणि त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला तर राग येतो का?

लागोसवासी
वझोबिया एफएम ऐका, लागोसचं पिजिन स्टेशन आहे (पिजिन म्हणजे इंग्लिशपासून झालेली इथली मिश्र बोली), नेटवर मिळतं, आणि बीबीसीची पिजिन सेवा २०१७ पासून आहे ती वाचा म्हणजे ऐकलेले शब्द डोळ्यासमोर येतील. पहिले काही दिवस काही कळणार नाही, घाबरू नका, सूर कळायला लागला की शब्द मागोमाग येतात. नाही समजलं तर हसून मान डोलवू नका, सरळ म्हणा परत सांगा प्लीज, लोक आनंदाने सांगतात. त्यांच्यासारखं बोलायचं म्हणाल तर पहिल्या दिवशी हेल काढून दाखवलात तर ती नक्कल वाटेल. राहून राहून आपोआप तोंडात आलं तर तेच टाळ्या देतात. माझा 'ओ' कधी आला मलाच कळलं नाही.

आणि फ्लोअरवर गेलात की आधी गुड मॉर्निंग, घरचे कसे आहेत, मग मशीनचं. आपली माणसं थेट 'काल किती माल निघाला' असं सुरू करतात आणि मग तक्रार करतात की हे लोक नीट उत्तर देत नाहीत. इकेजाच्या बाजूला असाल तर कळवा, गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात, तुमचे शेजारीही घेऊन या, आमच्याकडे दरवर्षी येतात.