भिगवण: फ्लेमिंगोंचा थवा उडवून फोटो काढायचा का?

जलरंग
भिगवणला उजनी धरणाचं पाणी ओसरून उथळ पट्टे उघडे पडले की फ्लेमिंगो येतात, आणि सुट्टीच्या दिवशी तोच प्रकार सुरू होतो. होडी थव्यावर सरळ घालायची, पक्षी उठले की शटर दाबायचं. हे थांबलंच पाहिजे. इंजिन शंभरेक मीटर आधी बंद करा, पुढे बांबूने रेटत जा, तेही तिरकं. माना वर आल्या, चरणं थांबलं, थवा दाटून एकाच दिशेला चालू लागला, की होडी तिथेच थांबवा. त्यानंतरची पायरी म्हणजे धावणं आणि उडणं.

काठावरचा बगळा
सहमत नाही. इथले पक्षी रोज जाळी टाकणाऱ्या होड्या बघतात. बुजतात ते गाळ तुडवत येणाऱ्या माणसाला, होडीला नव्हे. आणि भोवत्या (पाणथळीवर फिरणारा शिकारी पक्षी) घिरट्या घालू लागला तरी थवा उठतोच. एकदा होडीमुळे उठला तर काय बिघडलं?

जलरंग
प्रत्येक होडीचं ते "एकदा" वेगळं असतं हो. सकाळी दहा होड्या निघाल्या तर दहा वेळा. फ्लेमिंगोला जागच्या जागी झेप घेता येत नाही, पाण्यावर धावून वेग घ्यावा लागतो. डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळत तासन् तास खाणारा पक्षी तो. उडाला की तेवढं खाणं बुडालं.

दुर्बीणवाली
फुलफ्रेमवर (मोठ्या, ३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० मिमी लेन्स, पक्षी ६० मीटरवर: आडव्या चौकटीत २.४ मीटर उंची मावते. फ्लेमिंगो सव्वा मीटरचा धरा, अर्धी चौकट भरली. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) ४०० मिमीलाही जवळपास तेवढंच. मग आणखी जवळ कशाला? फोटो मऊ येतो तो बहुतेक वेळा उन्हाने थरथरणाऱ्या हवेमुळे. ऊन चढलं की डोळ्याची कड विरघळते, महागड्या लेन्सनेही सुधारत नाही. उजाडतानाच पाण्यात असा. होडीत ट्रायपॉड नको, इंजिनची थरथर पायांतून वर चढते. दीड-दोन किलो तांदूळ भरलेली बीन बॅग होडीच्या कडेवर ठेवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद आणि अ‍ॅपर्चर एफ ८. मागे गडद पाणी असेल तर एक्स्पोजर -०.७, नाहीतर पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होऊन तपशील जातो.

काठावरचा बगळा
ताई, हिशोब बरोबर. पण ७०-३०० मिमीची लेन्स घेऊन येणाऱ्यांचं काय? त्यात पंख मिटलेले असले की त्यांची लाली आणि काळी किनार जवळजवळ दिसतच नाही, आणि लोकांना तीच हवी असते. तो फोटो मिळाला की नावाड्याला बक्षिसी मिळते.

जलरंग
लाली हवी तर वारा बघा. फ्लेमिंगो वाऱ्याकडे तोंड करून उठतात. वारा येतो त्या बाजूला होडी लावून थांबलात, तर आपणहून उठलेला थवा तुमच्याकडेच येतो. पिसं साफ करताना एकेक पंख ताणतात, तेव्हाही लाली उघडी पडते. नावाड्याला होडीत बसतानाच सांगा: थवा न उडवता फिरवलंत तर बक्षिसी जास्त.

काठावरचा बगळा
बक्षिसीचं पटलं. पण तुम्ही तासभर वाऱ्याच्या बाजूला थांबलात आणि शेजारच्या होडीने सरळ आत घातली, तर सगळंच गेलं. हे नावाड्यांनी आपसात ठरवायला हवं, एकट्या गिऱ्हाइकाच्या हातात ते नाही.