सरकारी पोर्टलचं लॉगिन आणि आधार पडताळणी: कधी विचारायचं, पडद्यावर काय लिहायचं?

पोर्टलवाला

दाखले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी एका पोर्टलचा आराखडा करतोय. सध्याचा क्रम असा: पहिल्याच पानावर आधार क्रमांक, कॅप्चा आणि ओटीपी. मग युजरनेम-पासवर्ड तयार करायचा आणि त्यानंतर अर्ज. चाचणीत लोक ओटीपीच्या पानावरच अडकतायत. काही गडबड झाली की सगळ्यांना एकच वाक्य दिसतं: "प्रमाणीकरण अयशस्वी. कृपया पुन्हा प्रयत्न करा." मग ते पुन्हा ओटीपी मागवतात, दोन-तीन मेसेज एकदम येतात आणि गोंधळ वाढतो.

वापरणारे बहुतेक मोबाइलवरचे विद्यार्थी आणि पालक, शिवाय आपले सरकार सेवा केंद्रांचे चालक. क्रम बदलायला हवा का? आणि ओटीपीच्या पानावर नेमकं काय हवं? संमतीचा मजकूर विधी विभागाकडून दीड पानाचा आलाय, त्याचं काय करायचं तेही सांगा.

कळफलक

ओटीपीच्या पानापासून सुरुवात करतो, कारण तिथे बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

ओटीपीसाठी एकच खाना ठेवा. सहा वेगळे चौकोन दिसायला छान दिसतात, पण पेस्ट केलेला आकडा बऱ्याचदा पहिल्याच चौकोनात अडकतो आणि टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारं अँड्रॉइडचं साधन) वापरणाऱ्याला सहा निनावी खाने ऐकू येतात. खान्याचा प्रकार 'टेक्स्ट', इनपुटमोड 'न्यूमेरिक' आणि ऑटोकम्प्लीट 'वन-टाइम-कोड' ठेवा. 'नंबर' हा प्रकार नको. तो सुरुवातीचं शून्य गिळू शकतो. मोकळ्या जागा आणि डॅश सर्व्हरवर काढून टाका, त्यासाठी माणसाला चूक दाखवू नका.

मराठी कळफलकावरून येणारे देवनागरी अंक हा आपल्याकडचा खास अडथळा. अंक तपासण्याचं नेहमीचं रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुराचा नमुना जुळवणारं सूत्र) जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतं, पायथन ३ मध्ये ते देवनागरी अंकही चालवून घेतं. म्हणजे बरोबर ओटीपी एका ठिकाणी नापास आणि दुसऱ्या ठिकाणी पास. तपासणीच्या आधीच ०-९ चे इंग्रजी अंक करून घ्या. आधार, मोबाइल, जन्मतारीख, पिनकोड सगळ्यांना हेच लागू.

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीचा पडताळा-अंक असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की तो ब्राउझरमध्येच पकडता येतो. क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, हेही तिथेच तपासा. यूआयडीएआयकडे (आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे) विनंती जाण्याआधीच "१२ अंकांपैकी एखादा चुकलाय, कार्डाशी पुन्हा जुळवून पाहा" असं सांगता आलं पाहिजे.

आता चुकांचे संदेश. यूआयडीएआयकडून प्रत्येक अडचणीचा वेगळा कोड येतो. तुम्ही ते सगळे एका वाक्यात कोंबलेत, खरं दुखणं तिथे आहे. निदान हे चार वेगळे करा:

४०० (ओटीपी चुकला): "ओटीपी जुळला नाही. सर्वात शेवटी आलेल्या एसएमएसमधले ६ अंक टाका."

९५२ (फार वेळा मागवला): "थोड्या वेळात बरेच ओटीपी मागवले गेले आहेत. काही वेळ थांबून पुन्हा मागवा. तुमचा अर्ज जपून ठेवला आहे."

१११ (आधारला मोबाइल जोडलेला नाही): "या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नाही, म्हणून ओटीपी येणार नाही. दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करा." खाली त्या पद्धतीचं बटण. इथे 'पुन्हा प्रयत्न करा' लिहिलंत तर माणूस तासभर येणार नसलेल्या मेसेजची वाट पाहील.

९९८ (क्रमांकच चुकीचा): आधारच्या खान्यावर परत न्या, ओटीपीच्या पानावर ठेवू नका.

ओटीपी कोणत्या मोबाइलवर गेला ते दाखवा. यूआयडीएआयच्या उत्तरात तो क्रमांक झाकलेल्या रूपात येतो. "शेवटी ४२१७ असलेल्या मोबाइलवर पाठवला" एवढं वाचलं की माणसाला लगेच कळतं की तो फोन मुलाकडे आहे की सिम कधीच बंद झालंय.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट: स्वस्त फोनवर एसएमएस बघायला दुसरं ॲप उघडलं की ब्राउझर मागचं पान टाकून देतो आणि परत आल्यावर ते नव्याने लोड होतं. तुमचं पान लोड होतानाच ओटीपी पाठवत असेल तर दुसरा ओटीपी जातो, पहिला वाया. ओटीपीच्या विनंतीचा व्यवहार क्रमांक सर्व्हरच्या सेशनमध्ये ठेवा. पान पुन्हा लोड झालं तर तोच खाना दाखवा, नवा ओटीपी फक्त बटण दाबल्यावर. एकदम दोन-तीन मेसेज येण्याचं कारण बहुधा हेच निघेल.

तुमच्या स्वतःच्या लॉगिन ओटीपीबाबत आणखी एक. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यात १६० नव्हे तर ७० अक्षरं मावतात आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. "४८२९१३ हा आपला लॉगिन ओटीपी आहे. १० मिनिटांत वापरा. कोणालाही सांगू नका." हा बरोबर ७० भरतो. त्यात खात्याचं नाव घातलं की दोन भाग होतात, मग प्रत्येकी ६७. ते परवडेल, पण आकडा सुरुवातीलाच ठेवा म्हणजे नोटिफिकेशनमध्ये दिसतो. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायची दूरसंचार कंपन्यांची यंत्रणा) नोंदवलेल्या टेम्प्लेटपेक्षा एक शब्द जरी बदलला तरी मेसेज वाटेतच अडवला जाऊ शकतो आणि पडद्यावर मात्र "पाठवला" दिसत राहतं. पोहोच-अहवाल बघत जा.

तिसरी_ओळ

क्रम नक्की बदला. लॉगिन म्हणजे "मघाशी आलेली व्यक्ती हीच" एवढंच कळणं. ओळख पडताळणी म्हणजे "ही व्यक्ती अमुकच" हे कळणं. दाराशीच दोन्ही मागितलं तर ज्याला फक्त पात्रता बघायचीय त्यालाही आधार द्यावा लागतो. पात्रता आणि कागदपत्रांची यादी लॉगिनशिवाय दाखवा, मोबाइल ओटीपीने खातं उघडा, अर्ज भरू द्या आणि आधार पडताळणी सादर करायच्या टप्प्यावर आणा. तोवर माणसाला ती कशासाठी ते उमगलेलं असतं.

संमतीचं दीड पान दुव्याखाली ठेवा, पण पडद्यावर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. आधार कायदा २०१६ चं कलम ८ तेच सांगतं: कोणती माहिती मिळणार, ती कशासाठी वापरणार, आणि आधार द्यायचं नसेल तर पर्याय काय. नमुना:

"यूआयडीएआयकडून आम्हाला तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो मिळेल. ही माहिती फक्त या शिष्यवृत्ती अर्जाच्या पडताळणीसाठी वापरू. आधार वापरायचं नसल्यास: इतर ओळखपत्राने पडताळणी."

पर्यायाचा दुवा बटणाइतकाच ठळक ठेवा. चौकोनात आधीच खूण करून ठेवू नका. आधार सक्तीचं करायचं तर ती योजना त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये (सरकारी निधीतल्या लाभांसाठी आधार मागण्याचं कलम) बसते का हे विधी विभागाकडून लेखी घ्या. बसत असली तरी ज्याला आधार क्रमांक मिळालेलाच नाही त्याला दुसरी वाट देणं त्याच कलमात आहे. शिवाय १६ अंकी व्हीआयडी (आधारऐवजी देता येणारा तात्पुरता क्रमांक) चालेल असं खान्याखाली लिहा आणि खान्याला १२ अंकांची मर्यादा घालू नका.

पडताळणी झाल्यावरचं नाव जुळणं हा वेगळाच डोंगर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. अक्षरशः तुलना केली तर खरी माणसं नापास होतात. शब्द सुटे करून क्रम न बघता जुळवा; थोडा फरक असेल तर अर्ज अडवू नका, तपासणीसाठी बाजूला काढा आणि दोन्ही नावं शेजारी दाखवून विचारा: "ही दोन्ही नावं तुमचीच आहेत का? फरकाचं कारण निवडा: लग्न / नावात बदल / लिहिण्यातली चूक." जन्मतारखेचंही तसंच. जुन्या पिढीत शाळेत घालताना लिहिलेली १ जून आणि आधार काढताना फक्त वय सांगितल्याने पडलेली १ जानेवारी, एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन्ही सापडतात.

निळी_शाई

दुसऱ्या व्यक्तीचा ओटीपी लागणार असेल, म्हणजे शिष्यवृत्तीत पालकाचा, तर आत्ताच जपा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत सप्टेंबर २०२५ पासून महिलेच्या आधारनंतर पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्या घटस्फोटित आहेत, त्यांना पुढे सरकायला जागाच नव्हती. नंतर कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय करावी लागली. तो पर्याय पहिल्या दिवसापासून पडद्यावर हवा होता: "वडील / आई / पालक / यांपैकी कोणी नाही". 'कोणी नाही' निवडलं की कागदपत्रांचा रस्ता उघडला पाहिजे.

दुसरं असं की, वडील कामासाठी सुरतला आणि मुलगी नंदुरबारला, तर १० मिनिटांत फोनवर ओटीपी विचारून टाकणं जमेलच असं नाही. शिवाय आपण एकीकडे "ओटीपी कोणाला सांगू नका" शिकवतो आणि दुसरीकडे फोनवरून सांगायला लावतो. पालकाचा टप्पा वेगळा काढा: त्यांच्या मोबाइलवर दुवा पाठवा, त्यांनी त्यांच्या सवडीने पुरा करावा. मुलीच्या अर्जावर "पालकांची पडताळणी बाकी" एवढं दिसत राहू दे.

त्याच ई-केवायसीतली दुसरी अडचण घोषणापत्राच्या वाक्याची. "कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नाही" अशा अर्थाचं नकारार्थी वाक्य आणि खाली होय / नाही. नोकरीत कोणी नसेल तर 'होय' निवडायचं. घाईत बोट 'नाही'वर जातं आणि पात्र महिला अपात्र ठरते. सरळ विचारा: "कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत आहे का?" आणि उत्तरांची बटणं पूर्ण वाक्यांची करा: "हो, आहे" / "नाही, कोणी नाही". सादर करण्याआधीच्या पानावर ते उत्तर पुन्हा दाखवा आणि शेजारी 'बदला' ठेवा.

पोर्टलवाला

हे फार उपयोगी आहे. मग पासवर्ड पूर्ण काढून मोबाइल क्रमांक हीच खात्याची ओळख ठेवली तर चालेल ना?

कळफलक

पासवर्ड काढा, पण मोबाइलला ओळख बनवू नका. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. नव्या मालकाने ओटीपी टाकला की जुन्याचे अर्ज, पत्ता, बँकेचा तपशील समोर. खात्याला आतला वेगळा क्रमांक द्या आणि ९० दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर ओटीपीनंतर अर्ज क्रमांक किंवा जन्मतारीख विचारा.

शिवाय घरात फोन एकच असतो. "या मोबाइलवर आधीच खाते आहे" म्हणून धाकट्या भावाला अडवू नका. एका क्रमांकावर अनेक अर्जदार चालू द्या आणि लॉगिननंतर विचारा: "आज कोणाचा अर्ज भरायचा आहे?"

सेवा केंद्राच्या चालकाला स्वतःचं वेगळं लॉगिन द्या. तो नागरिकाच्या खात्यात शिरला तर अर्ज कोणी भरला याची नोंदच उरत नाही. त्याच्या पडद्यावर आधार क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच दिसावेत, आणि ओटीपीच्या पानावर मोठ्या अक्षरांत, त्याने वळवून नागरिकाला दाखवावं असं: "हा ओटीपी दिल्याने शिष्यवृत्ती अर्जासाठी तुमची ओळख पडताळली जाईल."

कॅप्चा पहिल्या विनंतीला लावू नका. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) लॉगिनच्या वेळी कोडी घालण्यावर स्वतंत्र निकष आहे. वेगमर्यादा (ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील ती मर्यादा) ठेवा, पण आयपी पत्त्यावर नको: मोबाइल नेटवर्कवर कितीतरी ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, आणि सेवा केंद्रात दिवसभर एकाच जोडणीवरून अर्ज जातात. मोजणी मोबाइल क्रमांक, आधारचा व्हॉल्टमधला (आधार क्रमांक सुरक्षित ठेवायच्या वेगळ्या साठ्यातला) संदर्भ क्रमांक आणि चालकाचं खातं यांच्यावर ठेवा, आणि कॅप्चा ती ओलांडल्यावरच दाखवा.