मिक्स डबा आणणं म्हणजे आळस? मला पटत नाही

खणाखणात
काल इथे एकाने लिहिलं, 'चॉकलेटचा मिक्स डबा देणाऱ्याला समोरचा माणूस माहीतच नसतो. ज्याला माहीत असतो तो एकाच चवीचा डबा आणतो.' हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आईच्या ऑपरेशननंतर कुणीतरी सोळा खणांचा मिक्स डबा आणला होता. तिच्या तोंडाला चव नव्हती. तरी रोज दुपारी ती चष्मा लावून झाकणाच्या आतला तक्ता वाचायची, एका खणावर बोट ठेवायची आणि म्हणायची, 'आज हे.' अर्धं स्वतः खायची, अर्धं मला द्यायची. कॉफीचं निघालं त्या दिवशी नाक मुरडून तिने ते अख्खंच माझ्या हातावर ठेवलं. सोळाच्या सोळा सारखेच असते तर तिसऱ्या दिवशी तो डबा कपाटात गेला असता.

तो तक्ताही कुणीतरी विचार करूनच काढला ना? १९१२ मध्ये अमेरिकेत व्हिटमन्स सॅम्पलर नावाचा मिक्स डबा आला, त्याच्या झाकणात कुठल्या खणात काय आहे ते छापलेलं असायचं. ज्याला तुम्ही आळस म्हणता, त्यामागे खाणाऱ्याला निवड करू देण्याची कल्पना आहे.

एकचवी
ते वाक्य माझंच. आईंची गोष्ट मनाला लागली, पण मुद्दा तिथेच आहे. कॉफी त्यांना आवडत नाही हे देणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आणि चवीचं बोलू. पेपरमिंटचा वास शेजारच्या खणात शिरतो. महिनाभर बंद राहिलेल्या मिक्स डब्यातलं साधं दुधाचं चॉकलेट खाऊन बघा, मागून पेपरमिंट येतंच. शिवाय क्रीमचं सारण लवकर खराब होतं, सुक्यामेव्याचं जास्त टिकतं. सगळं एका डब्यात घालायचं तर तारीख सर्वांत नाजूक तुकड्याची धरावी लागते, नाहीतर सारणच असं निवडावं लागतं की ते महिनोन्‌महिने टिकेल. ताजं, मऊ गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं सारण, मग त्यात येतच नाही. एकाच चवीच्या डब्यात बनवणाऱ्याला ही तडजोड करावी लागत नाही.

उरलेलं संत्रं
एकचवींशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे मिक्स डबा आला की दोन दिवसांत कॅरॅमल संपतं आणि संत्र्याचं क्रीम महिनाभर पडून राहतं. ते टाकवत नाही आणि खाववतही नाही. गेल्या वेळी उरलेल्यांवर पांढरी बुरशी आली, सगळा डबा फेकला.

कोकोबटर
थांबा. बुरशी कशावरून? बोटाने चोळून बघितलंत का? बोटाच्या उबेने पांढरेपणा विरघळला तर ते कोकोबटर (चॉकलेटमधली चरबी) असतं, वर येऊन गोठलेलं. खायला काहीही धोका नाही. खरखरीत लागलं तर साखर. फ्रीजमधून काढून लगेच उघडलं की चॉकलेटवर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडालं की साखरेचा थर मागे राहतो. चॉकलेट फ्रीजमध्ये ठेवूच नये, किती वेळा सांगायचं!

उरलेलं संत्रं
तुमच्या घरी गारवा असेल. माझ्या स्वयंपाकघरात उन्हाळ्यात पारा ३८ वर जातो. कोकोबटर ३४ च्या आसपास वितळतं. मग ठेवू कुठे, डोक्यावर? ज्यांच्या घरी थंडावा असतो त्यांनी 'फ्रीज नको' असं दरडावून सांगू नये.

कोकोबटर
दरडावलं नाही. चांगलं चॉकलेट वाया जाताना बघवत नाही, म्हणून बोललो. बरं, तुमच्याकडे फ्रीज लागणार हे मान्य. मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तो डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. तासभर तरी. फ्रीजमधल्या कांद्याचा वासही मग लागत नाही.

उरलेलं संत्रं
हे आधी असं सांगितलं असतंत तर वाद झालाच नसता. करून बघते. पण एक सांगा, पांढरे झाले ते फक्त हेझलनटचेच तुकडे होते. संत्र्याचे काळेभोर राहिले. ते का?

कोकोबटर
हेझलनटचं तेल. ते सारणातून हळूहळू बाहेरच्या कवचात झिरपतं आणि कोकोबटरला सोबत घेऊन वर येतं. म्हणजे तुम्ही चांगला डबा फेकलात. वाईट वाटलं वाचून.

पाचव्या खणाची भीती
तुमचं फ्रीजपुराण झालं असेल तर मूळ विषयावर बोलते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची आणि सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. तो पाच वर्षांचा असताना एका समारंभात मिक्स डबा फिरत होता. तक्ता असलेलं झाकण कुणीतरी काढून ठेवलेलं. त्याने गोल दिसतं ते उचललं, आत हेझलनट. रात्र दवाखान्यात गेली. तेव्हापासून झाकण हातात नसेल तर आम्ही चॉकलेटला हातही लावत नाही. निवडीची मजा वगैरे ठीक आहे, पण न ओळखता येणारे सोळा तुकडे मुलांपुढे ठेवू नका.

खणाखणात
हे वाचून गप्प झाले. मुलं असतील तिथे मिक्स डबा नेणार नाही, आणि नेलाच तर झाकण डब्याखालीच अडकवून ठेवीन. तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य.

एकचवी, तुमचं मात्र अर्धंच मान्य. पेपरमिंटचं खरं आहे, मीही अनुभवलंय. पण माणूस माहीत असला म्हणजे त्याची चव कायमची माहीत झाली, हे नाही पटत. बाबांना कडू डार्क आवडतं म्हणून आम्ही वीस वर्षं तोच डबा आणला. एकदा कुणाकडून मिक्स आला, त्यातलं चेरीचं खाल्लं आणि पाक हनुवटीवर ओघळला. रुमाल शोधत म्हणाले, 'हे असतं होय? मला कधी दिलं नाहीत.'

एकचवी
वीस वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत, हा डब्याचा दोष नाही. पण ठीक आहे, ओळख नवी असेल तर पहिला डबा मिक्स आणावा, एवढं मी मानतो. दुसरा मात्र त्या डब्यातून आधी काय संपलं ते बघून.

खणाखणात
चालेल. बाबांसाठी आता चेरीचाच डबा आणलाय, एकाच चवीचा. सोबत चार नॅपकिन.