कार्पसाठी बेट बोट (आमिष दूर नेऊन पाण्यात सोडणारी रिमोटची छोटी बोट) घ्यायचीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, रविवारी गळ घेऊन बहुतेक उजनीच्या काठावर. कटला, रोहू, मधूनच सायप्रिनस (कॉमन कार्प). पेंडीचे गोळे हाताने फेकून तीस-चाळीस मीटरच्या पुढे जात नाहीत, आणि मासा नेमका त्याच्या पलीकडे उडी मारून दाखवतो!

गेल्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातली बोट मागवली. तिसऱ्याच फेरीला जलपर्णीची मुळं पंख्यात गुंतली, मोटार बसली आणि बोट भर पाण्यात. शेवटी एका कोळीदादांनी होडीतून आणून दिली, वर फुकटचा सल्ला, "खेळणी पोरांना द्या."

आता जरा टिकाऊ हवी. जीपीएस असलेली, सिग्नल तुटला तर आपोआप परत येणारी. पंख्याला जाळी पुरते की जेटवालीच (पाण्याच्या झोतावर चालणारी) बरी? लेड-ॲसिड बॅटरी जड, पण वाऱ्यात बोट स्थिर राहते म्हणतात. लिथियम हलकी पण महाग. मासे शोधणारं सोनार यंत्र मला नकोच, तो पैसा बॅटरीत घालेन.

बजेट ३० हजारांपर्यंत. मुख्य म्हणजे सुटे भाग आणि दुरुस्ती पुण्यात कुठे होते? स्वतः वापरलेल्यांनीच सांगा, प्लीज.